हाताने घडवलेल्या धनुष्याचा भाव कसा काढावा?

प्रश्न : मी एकसंध लाकडाची धनुष्यं बनवून विकतो. लाकूड आणि मजुरी धरून भाव लावतो, तरी हाती काही उरत नाही. कुठे चुकतं? शिवाय, विकलेलं धनुष्य मोडलं तर बदलून द्यावं का?

उत्तर : तुमच्या हिशेबात बहुधा मोडलेली धनुष्यं नाहीत. समजा, 10 घडवायला घेतली. दोन मोडली, एकाचं पातं (मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा भाग) पिळलं. मग दहाही नगांचं लाकूड, मजुरी, दोरी, पॉलिश, हत्यारांची झीज यांच्या बेरजेला 7 ने भागा. दोन्ही पाती सारखी वाकेपर्यंत थोडं थोडं तासत जाण्यातच बरेच नग जातात, आणि तोवर बरीचशी मजुरी लाकडात मुरलेली असते. पॅकिंगचे तासही धरा. सहा फुटी नगाला जाड पीव्हीसी पाइप लागतो आणि लांबीमुळे वाहतूक महाग पडते.

ताणावरून, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला किती पौंड जोर लागतो त्यावरून, भाव ठरवू नका. 30 आणि 50 पौंडांच्या धनुष्याला मेहनत जवळपास तेवढीच. जास्तीचे पैसे घ्यायचे ते मुठीवरच्या चामड्याचे, टोकांना बसवलेल्या शिंगाच्या खाचांचे.

इसार घेण्याआधी ग्राहकाची ओढ, म्हणजे तो दोरी किती इंच मागे ओढतो, ते विचाराच. दोन्ही हात पसरून मोजलेल्या लांबीला अडीचने भागलं की अंदाज येतो. 28 इंचांसाठी घडवलेलं धनुष्य कुणी 31 इंच ओढलं तर ताण इंचामागे दोन-तीन पौंड वाढतो आणि लाकूड तडकतं. म्हणून धनुष्यावर ‘40 पौंड, 28 इंच’ असं दोन्ही लिहा. निदान शंभर बाण मारून झाल्यावर ताण पुन्हा मोजा आणि तोच आकडा लिहा, कारण नवं लाकूड थोडं बसतं आणि ताण उतरतो.

मोडलेलं धनुष्य बदलून द्यावं, पण तुकडे परत मागवून. लक्ष्याकडच्या बाजूला चिरफळी उठली असेल तर तिथे वाढीचं वलय (लाकडाचा वर्षावर्षाचा थर) कापलं गेलंय का बघा; तसं असेल तर दोष घडणीचा. एकाच जागी पातळ राहून पातं तिथेच दुमडलं असेल तरीही तुमचाच. बाण न लावता दोरी सोडणं, दोरी चढवून ठेवणं, बंद गाडीत उन्हात ठेवणं याची जबाबदारी मात्र ग्राहकाची. ते विकतानाच लेखी द्या. संशय राहिला तर पहिल्या वर्षात एकदा बदलून द्या आणि तो खर्च भावातच धरा.