विडीचं कारण पुढे करणाऱ्या मालकाला काय उत्तर द्यायचं?

प्रश्न : माझे वडील (वय 60) अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या डाईंगमध्ये 2004 ते जून 2024 सूत रंगवायचे. त्याआधी दुसऱ्या मालकाकडे 15 वर्षं तेच काम. शेवटचा पगार 16 हजार. ईएसआय (कामगार राज्य विमा) कधी कापला नाही. एप्रिल 2025 मध्ये लघवीतून रक्त गेलं, ऑगस्टमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरचं निदान झालं. मालक म्हणतात, विडीमुळे झालं; 75 हजार घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही करा. रंगामुळेच झालं हे कसं सिद्ध करायचं?

उत्तर : आधी एक, सही करू नका. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या कलम 17 प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्दबातल असतो. पण असा कागद कोर्टात पुढे आला की तो निस्तरण्यात तुमचाच वेळ जातो.

आता मूळ प्रश्न. रंगानेच कॅन्सर झाला हे सिद्ध करण्याच्या मागे तुम्ही लागायचं कारण नाही. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराचा प्राथमिक (म्हणजे तिथेच सुरू झालेला) कॅन्सर या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या भाग ‘ब’ मध्ये व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम आणि त्या कामात या धोक्याशी संपर्क, एवढं दाखवलं की कलम 3(2) प्रमाणे आजार कामामुळेच झाला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही, हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते. विडीनेही हा कॅन्सर होतो, हे खरंच आहे. पण वडील विडी ओढत होते एवढ्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. हे गृहीतक त्याला पुराव्याने मोडावं लागेल.

म्हणून सगळी ताकद लावा ती एकाच गोष्टीवर : हौदापाशी वडिलांच्या हातात नेमकं काय होतं? ‘केमिकल’ म्हणून भागत नाही, नाव हवं. नॅप्थॉल रंगाईत नायट्राईट, ॲसिड आणि बर्फ घालून जो ‘बेस’ फोडतात त्याचं नाव विचारा. फास्ट रेड टीआर बेस म्हणजे 4-क्लोरो-ऑर्थो-टोलुइडिन. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘बहुधा कर्करोगकारक’ या 2ए गटात ठेवलंय. डायरेक्ट ब्लॅक 38 सारखे रंग बेंझिडीनपासून बनतात आणि शरीरात त्यांचं पुन्हा बेंझिडीन होतं; ते तर पहिल्या, म्हणजे ‘नक्की कर्करोगकारक’ गटात. केंद्र सरकारने 1990 च्या दशकात 112 अझो रंगांवर बंदी घातली, त्यात बेंझिडीनचे रंग आहेत. ‘बंदी होती, आम्ही वापरलेच नाहीत’ असं मालक म्हणेल. मग खरेदीची बिलं हजर करा, असा अर्ज द्या.

डब्यांवरच्या लेबलांचे फोटो, त्यावरचा सी.आय. (कलर इंडेक्स, म्हणजे रंगाची ओळख सांगणारा) क्रमांक जुन्या सहकाऱ्यांकडून मिळतो का बघा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयात माहिती अधिकाराखाली कारखान्याचे संमतीपत्राचे अर्ज मागा; त्यात कच्च्या मालाची यादी असते. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं घ्या : कोणत्या साली, कोणता रंग, पावडर कोण तोलायचं, हातमोजे होते का, सूत हाताने पिळत होते का. ‘खूप वास यायचा’ एवढ्यावर काही ठरत नाही. वडिलांची लघवी आता तपासून घेण्यात पैसे घालवू नका, ही रसायनं काही दिवसांतच शरीराबाहेर जातात. नोकरीच्या पुराव्यासाठी पीएफचं पासबुक, बोनसच्या पावत्या. ठेकेदाराच्या नावावर काम दाखवलं असेल तरी कलम 12 प्रमाणे मूळ मालक सुटत नाही.

पहिल्या मालकाकडची 15 वर्षं यात धरली जात नाहीत. सहा महिन्यांची अट याच मालकापुरती मोजतात. ‘तिकडेच लागण झाली’ असा बचाव येईलच. 2004 ते 2025 हा 21 वर्षांचा काळ या कॅन्सरच्या सुप्त काळाशी (रसायनाशी संपर्क आल्यापासून आजार दिसेपर्यंतच्या काळाशी) जुळतो, हे कर्करोगतज्ज्ञाकडून साक्षीत वदवून घ्या.

दवाखान्याच्या कागदांत दावे हमखास अडकतात. पहिल्या केसपेपरवर ‘विडी, 20 वर्षं’ असतं आणि धंद्याच्या रकान्यात ‘मजुरी’. जुना कागद खोडू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना डाईंगच्या कामाचा इतिहास वेगळा नोंदवायला सांगा. बायोप्सी रिपोर्टमध्ये ट्यूमर प्राथमिक असल्याचं स्पष्ट हवं. आणि दाखला ‘अपंगत्व किती’ असा न घेता ‘कमाईची क्षमता किती टक्के गेली’ असा घ्या; भरपाई त्यावरच मोजतात.

काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर लक्षण दिसलेला दिवस ‘अपघाताचा’ दिवस धरतात. तुमच्याकडे तो एप्रिल 2025, म्हणजे दाव्याची मुदत एप्रिल 2027. तो दिवस 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचा असल्याने त्या तारखेला लागू झालेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेऐवजी जुन्याच कायद्याने जा. मालकाला लेखी नोटीस आजच रजिस्टर्ड एडीने पाठवा. दावा सोलापूरच्या कामगार न्यायालयात, तेच नुकसानभरपाई आयुक्ताचं काम बघतं. त्याआधी ईएसआयच्या शाखेत वडिलांच्या नावाचा विमा क्रमांक खरंच नाही ना, ते तपासा. निघाला तर कामगार न्यायालयातला दावा ईएसआय कायद्याच्या कलम 53 मुळे चालणार नाही, ईएसआय महामंडळाकडेच जावं लागेल.

रकमेचा हिशेब : पगार 16 हजार असला तरी हिशेबात धरायच्या पगाराची मर्यादा 15 हजारांची. पूर्ण कायम अपंगत्व ठरलं तर त्याचे 60 टक्के, म्हणजे 9,000, गुणिले कायद्यातला वय 60 चा गुणांक 117.41 : 10,56,690 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. मालकाशी तडजोड करायचीच असेल तर या आकड्यापासून बोलणी सुरू करा आणि ठरेल ते कलम 28 खाली आयुक्तांकडे नोंदवून घ्या.