इम्पीरियल स्टाउट ही काळी, कडक बिअर नुसती कडू लागते आणि फोटोत ग्लास काळाठिक्कर, फेस पांढराफटक येतो. काय चुकतंय?

कडवटपणाचं कारण बहुतेक फ्रिज. फ्रिजमधून काढल्या काढल्या बिअर ४-५ अंशांवर असते. त्या थंडीत वास वर येत नाही, गोडवा जिभेला कमी जाणवतो आणि उरतो तो कडवटपणा. तो या प्रकारात मुळातच भरपूर: बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या वर्गवारीत ५० ते ९० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), अल्कोहोल ८ ते १२ टक्के. १० ते १३ अंशांवर प्या. बाटली अर्धा तास आधी बाहेर काढा, उन्हाळ्यात वीस मिनिटं पुरतात. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका, बाहेरून घाम फुटतो आणि फोटो गढूळ येतो.

फोटो आधी काढा, कारण एवढ्या अल्कोहोलमध्ये फेस पटकन बसतो. म्हणून बिअर ओतण्यापूर्वीच तसल्याच ग्लासात कोरी कॉफी भरून फ्रेम आणि उजेड ठरवून घ्या. खिडकीचा उजेड बाजूने, किंचित मागून हवा. फ्लॅश आणि घरातले दिवे बंद. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कार्डपेपर उभा केला की ग्लासची अंधारातली कड उजळते. मागे काळं काही नको, त्यात ग्लास हरवतो.

फेस पांढरा पडतो तो कॅमेऱ्यामुळे. फ्रेममध्ये काळं जास्त दिसलं की तो सगळंच उजळवतो. फेसावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि एक्स्पोजर -०.७ ते -१ वर आणा. फेसाचा बदामी रंग परत येतो. फोन ग्लासच्या पोटाच्या उंचीवर धरा, मागे सरकून २एक्स वापरा. अगदी जवळून १एक्सवर ग्लास बेढब फुगतो.

फेस धरतच नसेल तर ग्लास तेलकट आहे किंवा त्यात साबण राहिलाय. खाण्याच्या सोड्याने धुवून उपडा वाळवा, आतून फडकं फिरवू नका. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून निम्मं ओता, मग सरळ करून मधोमध धार सोडा. ट्युलिप किंवा स्निफ्टर या फुगीर पोटाच्या ग्लासात १२०-१५० मिली पुरे.

एक फोटो मात्र जरूर काढा: ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून, कडेच्या पातळ थराचा. तिथे तांबूस तपकिरी रंग दिसतो. माझ्या मते या बिअरची खरी ओळख तीच.

आता चव. आधी दोन-तीनदा छोटे श्वास घेऊन हुंगा, मग लहान घोट जिभेवर फिरवून गिळा. दहा मिनिटांनी पुन्हा. तोवर काकवी, खजूर, कडू चॉकलेट वेगवेगळं कळू लागतं. सोबत चकली-शेव नको, तिखटाने अल्कोहोल जळजळतं. साधा पाव आणि पाणी ठेवा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागलीय. लोणी लावलेल्या पॉपकॉर्नसारखा वास म्हणजे डायअसिटिल नावाचं रसायन, आंबवण नीट पूर्ण झालेलं नाही. जुन्या बाटलीत सोया सॉसची छटा मेलेल्या यीस्टमुळे येते. यातलं काही आढळलं तर दोष तुमच्या जिभेचा नाही, बाटलीचा आहे.

आणि १० टक्क्यांची ३३० मिलीची बाटली म्हणजे ५ टक्क्यांच्या तेवढ्याच दोन बाटल्या. दोघांत एक उघडा.