भूतानला पाच-सहा दिवसांची ग्रुप टूर पुरेल का? सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत.

पुरेल, पण पारो, थिंफू आणि पुनाखा एवढंच धरलं तर. त्यात बुमथांगही कोंबलेली टूर घेऊ नका, सगळा वेळ घाटातच जाईल. रस्त्याने गेलात तर सीमेवरच्या फुंटशोलिंगहून थिंफूलाच पाच-सहा तास लागतात, त्यामुळे आई-बाबांसाठी विमानाने थेट पारोला उतरलेलं बरं.

बुकिंगआधी एक गोष्ट खोदून विचारा: तक्त्सांगला (कड्यावरचा प्रसिद्ध ‘टायगर्स नेस्ट’ मठ) अख्खा दिवस दिलाय का? मठ ३,१०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, जाऊन-येऊन पाच-सहा तास सहज मोडतात. घोडा साधारण निम्म्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच. पुढे चालणं आणि भरपूर पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर कॅफेटेरियातूनही मठ समोर छान दिसतो, तिथे चहा पीत बसावं (मला तर तेच जास्त आवडेल). हा दिवस शेवटाकडे असावा, तोवर उंची अंगवळणी पडते.

भारतीयांना सध्या माणशी दर रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं. ते पॅकेजमध्ये धरलंय का, हे लेखी घ्या. आणि आधार कार्डावर विसंबू नका, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं.