फाइलच्या नावात स्पेस असली की माझी शेल स्क्रिप्ट तिची दोन नावं का करते? लूप for f in $@ असा आहे.

लूपमध्ये तुम्ही $@ (म्हणजे स्क्रिप्टला दिलेली सगळी नावं) कोट्सशिवाय लिहिलंय, गोची तिथंच आहे. कोट्स नसले की शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आधी $@ च्या जागी ती नावं भरतं, मग स्पेस, टॅब आणि नवी ओळ दिसेल तिथं त्यांचे तुकडे करतं. वर त्यात * किंवा ? असेल तर फोल्डरमधली फाइलनावंही जुळवून बघतं! म्हणून 'लग्न फोटो'चे 'लग्न' आणि 'फोटो' झाले.

"$@" लिहा, प्रत्येक नाव जसंच्या तसं मिळेल. "$*" नको, त्यात सगळी नावं जोडून एकच होतात. सिंगल कोट्स तर नकोतच, त्यांच्या आत $ ला काही अर्थ उरत नाही.

मॅकवर 2019च्या कॅटालिना या macOS आवृत्तीपासून झेडशेल (zsh) हे ठरलेलं शेल असतं. ते असे तुकडे करत नाही, त्यामुळे तिथल्या टर्मिनलवर तपासलेली ओळ बॅश (bash) या दुसऱ्या शेलमध्ये फसू शकते.