माणूस मुळातच भांडखोर असताना अहिंसा आणि सहकार्य यांना समाजाचा पाया कसे म्हणावे?

माणसाचा स्वभावच भांडखोर असेल, तर अहिंसा आणि सहकार्य यांना समाजाचा पाया म्हणणे हा भाबडेपणा ठरत नाही का, असे आपण विचारले आहे. स्वभावाविषयीचे आपले म्हणणे मी खोडून काढणार नाही. माझे आजोळ धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यात आहे, आणि पाण्यावरून सख्खे भाऊ एकमेकांवर कुऱ्हाड उगारतात हे तिथे कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. तरीही त्याच खोऱ्यात शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली पाणीवाटपाची फड पद्धत ३०० वर्षांच्या आसपास टिकली.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी शेतांपर्यंत नेलेले असे. बंधाऱ्याखालचे रान काही फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, विभागलेले असे. एका फडात त्या हंगामाला सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि कोणत्या फडात ऊस व कोणत्यात धान्य हे पंचांनी ठरवायचे. बहुतेकांची जमीन थोडी थोडी निरनिराळ्या फडांत असल्यामुळे, पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला तरी त्याची झळ एकट्यादुकट्याला न बसता सर्वांनाच बसे. मला यातले शहाणपण फार मोठे वाटते, कारण शेजाऱ्याला बुडवून आपले साधण्याची वाटच त्या मांडणीने बुजवली होती.

पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. मालकाने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. आजोबा सांगत, की रात्री पाटकरी कंदील घेऊन येई, पाटाच्या बांधातले मातीचे दार मोडून वाफ्यांत पाणी सोडी, शेवटचा वाफा भरला की चार फावडी चिखल टाकून दार बांधी आणि पुढच्या शेताकडे वळे. त्या वेळी शेताचा मालक घरी निर्धास्त झोपलेला असे. अहिंसेचा अर्थ मला या झोपेत दिसतो. पाटकऱ्याची मजुरी सगळ्यांच्या खळ्यांवरून धान्याच्या रूपाने येत असल्यामुळे तो कोणा एकाचा माणूस होऊ शकत नसे.

या व्यवस्थेला मी आदर्श म्हणणार नाही. निर्णयात आवाज होता तो जमीनवाल्यांचाच. ज्याच्या नावावर रान नव्हते, त्याच्या वाट्याला पाणी नव्हते आणि मतही नव्हते. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, पंचांकडे जाण्याचे कारण उरले नाही आणि पुष्कळ ठिकाणचे फड मोडले.

आता रात्री वीज आली की मामा स्वतः उठून मोटार सुरू करायला जातात. शेजाऱ्याने त्यांच्या विहिरीहून खोल बोअर घेतल्यापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे.