बळीचा बकरा, खापर आणि ओवाळून टाकलेला

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय, 'बळीचा बकरा' हा शब्द बळीराजावरनं आलाय का, आणि 'दंगलीत पाच बळी' मधला बळी नि 'बळी तो कान पिळी' मधला बळी एकच का? त्यांच्या ऑफिसात एक फाईल गहाळ झाली, वरचे साहेब नामानिराळे राहिले, खालच्या क्लार्कला सस्पेंड केलं, आणि सगळं ऑफिस म्हणायला लागलं बिचाऱ्याचा बळीचा बकरा केला. तिथनं हा प्रश्न निघाला.

दोन बळी आधी उरकतो. कान पिळणारा बळी म्हणजे बळ असलेला, संस्कृतातला बलिन्. बळीराजा म्हणजे वामनानं पाताळात घातलेला बली, ज्याच्या नावानं आयाबाया दिवाळीत 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात आणि ज्याला जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा राजा म्हणून परत उभं केलं. बकऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्यामुळं शेतकऱ्यानं आत्महत्या केली की 'बळीराजाचा बळी' असं हेडिंग टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. माणूस गेलाय, घरात चूल पेटलेली नाही, आणि तुम्ही शब्दांच्या कोट्या करत बसलाय.

आता तिसरा बळी, बलि. आपल्याला वाटतं बळी म्हटलं की कोयता आणि रक्त, पण श्राद्धाला आपण गच्चीवर कावळ्यासाठी काकबळी ठेवतो त्यात असतो नुसता भात, आणि जेवणाआधी अन्नाचा वाटा काढून ठेवायचा त्या वैश्वदेवातलं बलिहरणही भाताचंच. त्याहून मागं जा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात राजाचं आसन पक्कं राहो म्हणून एक सूक्त आहे, त्याच्या शेवटी मागणं काय, तर इंद्रानं प्रजेला या एकाच राजाची 'बलिहृत्' करावं, म्हणजे त्याला बलि आणून देणारी. बलि म्हणजे कर! रघुवंशात कालिदास दिलीप राजाबद्दल हेच म्हणतो, प्रजेच्या भल्यासाठीच तो प्रजेकडनं बलि घ्यायचा, सूर्य जसा हजारपटीनं परत द्यायला पाणी ओढतो तसा. आणि लुंबिनीला अशोकाचा खांब आहे, त्यावर कोरलंय की इथं बुद्ध जन्मला म्हणून हे गाव 'उबलिके' केलं, म्हणजे बलि माफ, आणि पिकाचा आठवा हिस्सा तेवढा ठेवला. शिलालेखातला तो एक शब्द वाचून मी आठवडाभर हवेत होतो.

माझ्या ओळखीचे एक रिटायर्ड संस्कृतचे सर म्हणतात हे उलटं आहे, आधी देवाचा बलि आणि मग राजाचा. मला अजिबात पटत नाही. माणसानं देवाशी बोलायची भाषा राजाच्या दारात उभं राहून शिकलीय, हात जोडणं, पाया पडणं, नजराणा ठेवणं सगळं तिथलंच, मग बलि तेवढा सरळ स्वर्गातनं पडला काय? माझ्या मते आधी सत्तेचा वाटा, मग देवाचा वाटा, आणि मग त्या वाट्यात गेलेला जीव. म्हणून 'दंगलीचे बळी' हा शब्द मला अचूक वाटतो. दंगल कुणासाठी तरी वसुली करत असते आणि ती गरिबाच्या घरातनं होते.

आता बकरा. इंग्रजीत ज्याला स्केपगोट म्हणतात त्याचं भाषांतर म्हणून आपण बळीचा बकरा वापरतो आणि तिथंच गाडी घसरते. मूळ गोष्ट बायबलातली, लेवीय नावाच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय. तिथं एक नाही, दोन बकरे आहेत. चिठ्ठ्या टाकायच्या, एक देवाला कापायचा, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापं मोठ्यानं म्हणायची नि त्याला जिवंत रानात हाकलायचं. हिब्रूत त्याच्यासाठी 'अजाजेल' असा शब्द आहे, त्याचा अर्थ विल्यम टिंडेलनं १५३० च्या भाषांतरात 'निसटून जाणारा बकरा' असा लावला आणि तिथनं स्केपगोट जन्माला आला. म्हणजे बघा, स्केपगोट हा न कापलेला बकरा, आणि आपला बळीचा बकरा म्हणजे नेमका तो पहिला, कापलेला!

आणि फरक नुसता कापण्या न कापण्याचा नाही. आमच्याकडं देवाला बोकड सोडतात तेव्हा त्याच्यात खोट चालत नाही, त्याच्या अंगावर पाणी टाकून त्यानं अंग झाडायची वाट बघतात, हार घालतात. त्या बोकडानं चोरी केली असं कुणी म्हणत नाही. ज्याच्यावर आळ घालून घालवतात तो वेगळा. फ्रेंच विचारवंत रेने जिरार म्हणतो हे दोन्ही मुळात एकच, आपसात भांडणारा जमाव एका जिवावर तुटून पडला की एक होतो, आणि यज्ञातला बळी ही त्याच मारहाणीची पुढं चाललेली आठवण. जमावाला त्याचा गुन्हा खरंच खरा वाटत असतो, हे त्यानं लाखातलं सांगितलंय. पण यज्ञातल्या बळीला त्याच माळेत ओवायला माझा ठाम विरोध आहे, कारण मराठीनं हे दोन जीव कधी एका दाव्याला बांधलेच नाहीत. आळ घालून घालवलेल्यासाठी आपल्याकडं अस्सल शब्द आहे, 'ओवाळून टाकलेला'.

लहानपणी धाकटा भाऊ तापानं फणफणला होता. आज्जीनं भाताची मूद केली, वर हळदकुंकू, लिंबू, त्याच्यावरनं तीनदा उतरवलं, आणि तिन्हीसांजेला जाऊन तिकटीवर ठेवून मागं न बघता आली. (तीन रस्ते मिळतात ती तिकटी, आमच्या कोल्हापूरच्या मिरजकर तिकटीतली.) दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना मला हाताला धरून लांबनं नेलं, वलांडू नको म्हणाली, शिवू नको. आमच्याच डब्यातला तांदूळ. आदल्या दुपारी तोच भात मी आमटीबरोबर खाल्ला होता. त्या तांदळानं काय केलं होतं? आम्ही आमचं दुखणं त्याच्यावर उतरवलं आणि मग त्याचीच भीती बाळगली.

मराठीत वाया गेलेल्या माणसाला ओवाळून टाकलेला म्हणतात ते इथनं आलं. आधी ओवाळायचं, मग टाकायचं, आणि टाकल्यावर म्हणायचं हा मुळातच वाईट. अख्खं समाजशास्त्र त्या दोन क्रियापदांत आहे.

गांधीजींना ३० जानेवारी १९४८ ला गोळ्या घातल्या एकानं, कटात होती मूठभर माणसं. पण इकडं सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जळली, ज्यांनी नथुरामाचं नावही आधी ऐकलं नव्हतं त्यांचीसुद्धा. आमच्या गावात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. आणि अगदी अलीकडं, १४ जुलै २०२४ ला, राग म्हणे विशाळगडावरच्या अतिक्रमणाचा, पण फुटली पायथ्याच्या गजापुरातली मुसलमानांची घरं, गाड्या, मशीद. शहात्तर वर्षं गेली मध्ये. ओवाळायचा माणूस बदलला, तिकटी तीच.

याला 'खापर फोडणे' हा शब्दही आहे आणि तोही फार गोड आहे. खापर हा कर्पर वरनं, आणि संस्कृतात कर्पर म्हणजे मडकंही आणि कवटीही. म्हणजे खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं की फुटतं नेमकं काय, हे शब्दानंच सांगून ठेवलंय.

एक राहिलं, हे मला रोज खुपतं. पोलीस सांगतात 'अफवांना बळी पडू नका'. सांगू देत, बरोबर आहे. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे आलेत या अफवेवर नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, आणि त्यानंतर 'अफवेला बळी पडलेला जमाव' अशी वाक्यं मी चर्चांत किती ऐकली. एक 'ला' आणि एक 'चा' यात केवढं अंतर आहे बघा. अफवे*चे* बळी ती पाच माणसं. अफवे*ला* बळी पडला म्हटलं की मारणाराच बिचारा होतो, आणि मेलेल्यांचा शब्द मारणाऱ्यांच्या अंगावर जातो. असं वाक्य लिहायच्या आधी हात थांबू दे. 'अफवेवर विश्वास ठेवून मारलं' एवढं साधं लिहिता येतं.

तर ताई, तुमचा क्लार्क. त्याला बळीचा बकरा म्हणू नका. साहेबांनी फाईल हरवली आणि खापर त्याच्या डोक्यावर फोडलं असं लिहा, म्हणजे वाक्यात साहेबांचं नाव घ्यावंच लागतं.