वार्तापत्राचं जाळं विणायचं तर आधी यादीचं बघा

तुमचा प्रश्न असा: पुण्यात गे-लेस्बियन हक्कांसाठी काम करणारा आठ-दहा जणांचा गट आहे, दरमहा वार्तापत्र काढायचंय, ते सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नगरपर्यंत पोचायला हवं, तर सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो, कारण त्याचा नंबर खरंच शेवटचा आहे.

अशाच एका गटाचं वार्तापत्र मी नऊ वर्षं सांभाळलं. सुरुवातीला कागदावर. नारायण पेठेतल्या छापखान्यात चार पानं, दोनशे प्रती. लिफाफाही आम्ही हौसेने छापून घेतला होता, वर गटाचं नाव, कोपऱ्यात इंद्रधनुष्य. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या एका मुलाचा लिफाफा घरमालकीणबाईंच्या हाती पडला. त्यांनी तो फोडलासुद्धा नाही, वरचं नाव वाचलं तेवढंच. महिनाअखेर त्याला खोली सोडावी लागली. तो आम्हाला एका शब्दाने बोलला नाही, तेच जास्त लागलं. पुढच्या अंकापासून साधा खाकी लिफाफा आणि पाठवणाऱ्याच्या जागी फक्त पोस्ट बॉक्स नंबर.

मग ईमेलवर आलो आणि त्याहून मोठा घोळ घातला. मीच घातला. बीसीसीऐवजी (तिथे टाकलेले पत्ते इतरांना दिसत नाहीत) 'टू'मध्ये सगळे पत्ते टाकले आणि एकशे चाळीस जणांना एकमेकांचे पत्ते दिसले. त्यातले दोघे हिंजवडीत एकाच मजल्यावर बसणारे निघाले. त्यांना बरं वाटलं की घाम फुटला, हे विचारायचं धाडस मला आजतागायत झालेलं नाही. त्या रात्रीत सत्तावीस जणांनी नाव काढायला सांगितलं.

ही धास्ती जुनीच आहे. १९५६ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' या लेस्बियन संघटनेने 'द लॅडर' नावाचं मासिक काढलं, तर दुसऱ्याच अंकात त्यांना 'तुमचं नाव सुरक्षित आहे' असा लेख छापावा लागला. आणि संपादक फिलिस लायन स्वतः तेव्हा ॲन फर्ग्युसन या टोपणनावाने लिहीत होत्या!

म्हणून यादीत पत्ता आणि जिल्हा, एवढंच ठेवा. नाव विचारू नका. कुणी दिलंच तर जे देईल ते. यादी दोघांच्याच हातात असावी, आणि त्यातला एक गट सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला (भांडण होऊन गेला असेल तर तासाभरात). एक्सेलची फाइल व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही, 'फक्त आजच्यापुरती' म्हणूनसुद्धा नाही. मेलचा विषय जितका रटाळ तितका बरा: 'मे महिन्याचा अंक'. लॉक असलेल्या फोनवरही पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय झळकतो, आणि फोन बऱ्याचदा जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर वार्तापत्र नको. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह असेल तरच निरोप पोचतो. आता तो कुठल्या नावाने सेव्ह करायचा, हा प्रश्न सोलापुरातल्या एकत्र कुटुंबातल्या मुलीला विचारून बघा.

आता जाळं. ते माणसांचं असतं. प्रत्येक गावात एक बातमीदार पुरे. त्याच्याकडून लेख मागू नका, चार ओळी मागा: कुठल्या डॉक्टरने नीट ऐकून घेतलं, कुठल्या वकिलाने पहिल्या भेटीचे पैसे घेतले नाहीत. वर्षातून दोनदा सगळ्यांना पुण्यात बोलवा आणि एसटीच्या तिकिटाचे पैसे गटाने द्या. हा खर्च टाळणारे गट मी पाहिलेत, त्यांचं जाळं कात्रज घाट ओलांडत नाही. एखादा दोन महिने गप्प झाला तर खडसावू नका. घरी स्थळं बघणं चालू असेल. दुसऱ्या शहरातल्या गटांशी मजकुराची देवघेव जरूर करा, 'साभार' लिहून. पण त्यांची यादी त्यांच्याकडे, तुमची तुमच्याकडे. याद्या एकत्र करून 'महाराष्ट्राची मोठी यादी' बनवण्याचा मोह कुणाला तरी होतोच. तो पहिल्याच बैठकीत मोडून काढा.

मजकूर कसा असावा? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या प्रौढ समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळलं, तेव्हा आम्ही भारावून विशेषांक काढला. उत्तरं काय आली? 'म्हणजे आता लग्न करता येतं का?' नव्हतं येत, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही येत नाही. हे सरळ एका वाक्यात लिहायला हवं होतं, आम्ही अग्रलेख लिहीत बसलो. उलट सर्वांत जास्त पत्रं आली ती अर्ध्या पानाच्या मजकुराला: २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. लोकांनी ते पान छापून बँकेत नेलं.

बायकांसाठी 'एक पान राखीव' हा प्रकार करू नका. आमचं ते पान पुरुषच भरत होते, वर 'बायका लिहीत नाहीत' म्हणून तक्रारही करत होते. मग एक अख्खा अंक बायकांच्याच हाती दिला, विषय निवडण्यापासून. तो आमच्यापेक्षा बरा निघाला, आणि आठ दिवस उशिरा निघाला.

दरमहाचं वचन देऊ नका, दोन महिन्यांनी काढा. 'बॉम्बे दोस्त' हे मुंबईचं समलिंगींचं नियतकालिक १९९० पासूनचं, पण तेही मध्ये काही वर्षं बंद राहून २००९ मध्ये पुन्हा निघालं.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. एका क्लिकवर नाव काढता आलं पाहिजे, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही (मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणारी) सेटिंग्ज जाणकाराकडून करून घ्या, नाहीतर अंक थेट स्पॅममध्ये. साध्या जीमेलवरून दिवसाला पाचशेच जणांना पाठवता येतं. आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: जीमेल साधारण १०२ केबीनंतर मेल कापतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. लांब मराठी अंक इंग्रजीपेक्षा लवकर कापला जातो आणि तळाची 'नाव काढा' ही लिंकच दिसेनाशी होते. ती वर ठेवा.

छापील अंक नियमित काढणार असाल तर वकिलाला आधी भेटा. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झालाय, आणि 'केवळ खासगी वितरणासाठी' एवढं छापून भागेल असं गृहीत धरू नका.